खोक्यातून निघालेल्या बंदुका

मी चार वर्षं बंदुकांच्या दुकानात नोकरी केली. सासूबाईंना आजही वाटतं की ते खेळाच्या सामानाचं दुकान होतं. तसं नवऱ्याने सांगितलं होतं, आणि इंग्लंडात हवेत फेकलेल्या मातीच्या बशा छऱ्यांनी फोडणं हा रीतसर खेळ असल्यामुळे त्याला खोटारडाही म्हणता येत नव्हतं.

दोन हजार तीन-चारचा सुमार. आम्ही लंडनच्या पूर्वेला इल्फर्डला राहायचो. नवरा एका बँकेच्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टवर, आणि मी त्याच्या व्हिसाला लटकून आलेली डिपेंडंट. त्याआधी आठ वर्षं मी भोसरीत एका गिअरच्या कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. गिअरचे दाते मोजायचे, चुकलेल्याला लाल टॅग बांधायचा आणि सुपरवायझरच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. इथल्या एजन्सीतल्या बाईने माझ्या सीव्हीवर ‘इन्स्पेक्शन’ एवढाच शब्द वाचला आणि मला एसेक्समध्ये पाठवून दिलं. चेम्सफर्डपर्यंत ट्रेन, पुढे बस, मग चिखलातून दहा मिनिटं. शेताच्या कडेला एक लांबलचक शेड. आत पुढे दुकान, मागे वर्कशॉप.

"काय विकतात?" नवऱ्याने विचारलं.

"शॉटगन."

"अगं, पण तुला साधी झुरळं मारता येत नाहीत."

"मला मारायचं काही नाहीये. मला नंबर लिहायचेत."

तेही खरंच होतं. तिथे आलेल्या प्रत्येक बंदुकीचा नंबर रजिस्टरमध्ये चढवावा लागतो, गेलेली कोणाकडे गेली तेही लिहावं लागतं, आणि पोलिस कधीही येऊन ते रजिस्टर मागू शकतात. माझं अक्षर चांगलं आहे. मालकाने रजिस्टरचं पहिलं पान पाहिलं आणि मला कायम करून टाकलं. हा मालक चाळिशीतला, गुलाबी गालांचा, स्वतःला शेतकरी म्हणवणारा, पण बूट मात्र कायम स्वच्छ. मी त्याला कधी मनातसुद्धा ‘अहो’ म्हटलं नाही.

वर्कशॉपमधल्या माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून म्हटलं. साठी उलटलेले, तपकिरी डगला, डोक्यावर चपटी टोपी, बोटांना कायम तेलाचा वास. त्यांना तिथे गनस्मिथ म्हणत. मी मनात ‘मिस्त्री’ म्हणायचे. आमच्या भोसरीत ज्याच्या हाताला यंत्र कळतं तो मिस्त्री, आणि मॅनेजिंग डायरेक्टरसुद्धा त्याच्याशी जपून बोलतो.

मिस्त्रींचा एकच हट्ट होता. त्यांच्या बेंचवरून गेल्याशिवाय एकही बंदूक दुकानाबाहेर जायची नाही. नवी असो, खोकं फोडलेलं नसो, फरक पडत नाही. ती उघडायची, पुसायची, मागच्या शेतात उभ्या केलेल्या लोखंडी पत्र्यावर तीन बार काढायचे, आणि सगळं ठीक असेल तर तिच्या चापाला एक पुठ्ठ्याचं तिकीट बांधायचं. तिकिटावर तारीख, नंबर आणि त्यांच्या सहीची दोन अक्षरं. आजूबाजूचे शेतकरी ते तिकीट बघूनच बंदूक घेत. बंदुकीवर कंपनीचं नाव काय आहे हे कितीतरी जण बघतसुद्धा नसत.

आमच्याकडे जास्त खप होता तो स्वस्तातल्या पंप-अ‍ॅक्शनचा. नळीखालचा लाकडी मुठा मागे ओढला की रिकामं काडतूस बाहेर उडतं, पुढे ढकलला की नवं आत बसतं. कबुतरं आणि कावळे पेरलेलं खाऊन टाकतात म्हणून शेतकऱ्यांना ती लागते. चिखलात पडली तरी जीव हळहळत नाही अशी बंदूक. एक आयातदार ती बाहेरून मागवायचा आणि आम्हाला पुरवायचा.

मी आले त्या वर्षी खोकं उघडलं की बरं वाटायचं. आत कापडी मोजा, त्या मोज्यात बंदूक, नीट तेल लावलेली. सोबत एक छोटी किल्ली, एक पुस्तिका, आणि कारखान्यातल्या इन्स्पेक्टरचं कार्ड. त्या कार्डावर शाईचा शिक्का असायचा, थोडा तिरका, कधी पुसट. तो शिक्का मला फार आवडायचा. तिथे कुठेतरी माझ्यासारखं कुणीतरी बसलंय आणि जेवायच्या आधी घाईघाईत शिक्के मारतंय, हे त्यावरून कळायचं.

पुढच्या वर्षी कापडी मोजा जाऊन प्लास्टिकची पिशवी आली. मग किल्ली गायब झाली. मग एक दिवस मी कार्ड हातात घेतलं आणि माझ्या पायाखालची जमीनच सरकली. शिक्का सरळ होता. दुसऱ्या कार्डावरही सरळ. तिसऱ्यावर तेवढाच, तिथेच, तसाच. शिक्का मारलेला नव्हता, कार्डासोबत छापला होता!

"बघा," मी मिस्त्रींना म्हटलं. "यांनी इन्स्पेक्टर काढून टाकला आणि त्याचा शिक्का ठेवला."

त्यांनी चष्मा वर करून तिन्ही कार्डं पाहिली. "तिकडची माणसं स्वस्त पडतात असं मला वाटलं होतं, लव्ह," ते म्हणाले. तिकडे बसचा ड्रायव्हरसुद्धा लव्ह म्हणतो, त्यात काही नाही.

मग बंदुकाही तशाच यायला लागल्या. लाकडाचा दस्ता बुटांच्या पॉलिशने रंगवल्यासारखा, हाताला रंग लागायचा. कडा इतक्या धारदार की मिस्त्री बोटांना पट्ट्या लावूनच खोकं फोडायचे. काडतुसं भरायच्या मॅगझीनच्या नळीत लोखंडाचा चुरा. नेम धरायचा पितळी मणी खोक्यात वेगळाच खुळखुळायचा. एकीचा मुठा मागे ओढला तो मिस्त्रींच्या हातातच आला. त्यांनी तो टेबलावर ठेवला, बंदूक दुसऱ्या हातात ठेवली, आणि दोन्हींकडे आळीपाळीने बघत बसले.

मी काय करणार? सवय. मी इल्फर्डच्या बाजारातून लाल पुठ्ठा आणला, टॅग कापले, आणि भोसरीसारखी वही सुरू केली. बंदुकीचा नंबर, दोष काय, दुरुस्तीला किती वेळ, मिस्त्रींची सही. आधी ते म्हणाले, "एवढं लिहून काय करायचं?" महिन्याभरात स्वतःच विचारायला लागले, "लिहिलंस का?" मला तर मजाच यायला लागली. चुका सापडल्या की माझा चेहरा खुलतो, असं नवरा लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून म्हणतोय.

मालकाला ती वही आवडली नाही. शॉटगन तपासायला मिस्त्रींचा अख्खा दिवस जातो, आणि बाकीची दुकानं खोक्यातून काढून थेट विकतात, हे त्याचं पालुपद होतं. त्याने आयातदाराला फोन केला. आयातदार म्हणाला, माझ्या मालाला कसली तपासणी लागत नाही, तुमचा म्हातारा उगाच नखरे करतो. दोघांनी मिळून एक तोडगा काढला आणि मालक तो आम्हाला सांगायला वर्कशॉपमध्ये आला. नव्या लॉटमधल्या कुठल्याही दहा बंदुका काढायच्या. हात लावायचा नाही. आयातदाराचा माणूस स्वतः येईल आणि त्याच्यासमोर चालवून बघायच्या. दहात तीन बिघडल्या तर अख्खा लॉट परत, आणि इथून पुढे प्रत्येक बंदूक मिस्त्रींच्याच बेंचवरून जाणार. तीन नाही बिघडल्या तर बेंच बंद.

"बंद म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तिथे मी टोप्या आणि गमबूट मांडीन," मालक म्हणाला. "लोकांना टोप्या लागतात."

त्या बेंचवर मिस्त्रींची चौतीस वर्षं गेली होती. मालकाच्या वडिलांच्या वेळेपासून ते तिथे होते. बायको गेलेली, मुलगा दूर ऑस्ट्रेलियात. रविवारीसुद्धा ते कुत्र्याला घेऊन शेडपर्यंत चालत यायचे आणि खिडकीतून आत बघून परत जायचे. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसं.

"तीन सहज निघतील," मी म्हटलं. "तीन काय, पाच निघतील."

आता माझं कर्म सांगते.

आयातदाराचा माणूस गुरुवारी सकाळी यायचा होता. बुधवारी दुपारी मिस्त्रींनी दहा खोकी फोडली, दहा बंदुका बेंचवर ओळीने ठेवल्या, आणि प्रत्येकीचा मुठा मागे ओढून कप्पा उघडा ठेवला. हा तिथला नियम. बंदूक कुणाच्याही समोर ठेवायची तर उघडी ठेवायची, म्हणजे आत काडतूस नाही हे लांबूनही दिसतं. बाकी त्यांनी फडकंसुद्धा फिरवलं नाही. हात लावायचा नाही म्हणजे नाही.

आणि बुधवारी खंडेनवमी होती.

भोसरीत त्या दिवशी दुपारी मशिनं बंद व्हायची. धुऊनपुसून प्रत्येक मशिनला झेंडूची माळ, हळदकुंकू, अक्षता. माझ्या मायक्रोमीटरलासुद्धा मी कुंकू लावायचे. लंडनला आल्यापासून घरी लॅपटॉपची पूजा व्हायची आणि नवरा कीबोर्डवर हळद पडेल म्हणून ओरडायचा. पण इथे तर समोर खरीखुरी शस्त्रं! तीही उद्या परीक्षेला बसणारी. दरवर्षी मी वर्कशॉपमध्ये एक फूल ठेवून गप्प बसायचे. त्या वर्षी मला राहवलं नाही. डब्यातून हळदकुंकू आणि अक्षता घेऊनच गेले होते. झेंडूचं एक रोप गार्डन सेंटरमधून आणलं होतं, त्याची दहा फुलं निघाली.

मिस्त्रींना सांगितलं, हे आमच्याकडे हत्यारांचे आभार मानायचे म्हणून करतात. ते उभे राहिले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांच्या टाळूवर टोपीच्या कडेची लाल रेघ उमटली होती, ती मला पहिल्यांदा दिसली. मी दहा बंदुकांना हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं, अक्षता टाकल्या, हात जोडले. मग लगेच सगळं फडक्याने स्वच्छ पुसून घेतलं, फुलं उचलली. पूजा करणं म्हणजे हात लावणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. देवाशपथ नाही आलं. आठ वर्षं क्वालिटीत काढलेली बाई मी, उघड्या यंत्रात तांदूळ टाकले आणि वर नमस्कार केला.

गुरुवारी आयातदाराचा माणूस आला. तरुण, सूट, आणि चिखलात चालायला ऑफिसचे बूट. तो टेबलाशी कागद घेऊन बसला. मालक त्याच्या मागे उभा. मिस्त्री एकेक बंदूक घ्यायचे, तीन काडतुसं भरायचे, मागच्या शेतात पत्र्यावर बार काढायचे. मी शेजारी उभी राहून नंबर सांगायचे.

पहिली, दुसरी ठीक. तिसरीत रिकामं काडतूस आतच चिकटलं, सळईने ढोसून काढावं लागलं. मी लाल टॅग बांधला. सहावीत मुठा एकदा ओढला तर दोन काडतुसं एकदम बाहेर येऊन चिखलात पडली. दुसरा लाल टॅग. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मग सातवी चालली. आठवी चालली. दहावीसुद्धा चालली, मिस्त्रींनी ती चुकून नववीच्या आधी उचलली होती. उरली नववी.

नववीचा पहिला बार निघाला. मुठा मागे ओढला, आणि पुढे जाईना. मिस्त्रींनी हलकेच पुन्हा ओढला. अडकलेलाच. "तीन!" मी जवळजवळ ओरडले. मालकाने मान खाली घातली.

नियमाप्रमाणे कारण दाखवायचं होतं. मिस्त्रींनी आतली काडतुसं काढून बंदूक बेंचवर आडवी केली, दोन खिळे बाहेर काढले, चापाचा अख्खा सांगाडा खाली काढला आणि तळहातावर उलटा करून झटकला.

त्यांच्या हातावर एक तांदूळ पडला. गुलाबी. एका टोकाला कुंकू जरा जास्तच लागलेलं.

मी बघितला. त्यांनी बघितला. आयातदाराचा माणूस अजून टेबलाशी लिहीतच होता. मला वाटतं एवढ्या वेळात मी बोलायला हवं होतं.

मिस्त्रींनी तो दाणा बोटाने उचलला, तोंडात टाकला आणि चावला. कच्चा तांदूळ कडक असतो, आवाज आला. मग ते त्या माणसाकडे वळून म्हणाले, "लोखंडाचा चुरा. उडून गेला."

त्या माणसाने लिहून घेतलं. दहात तीन. मालकाने हात पुढे केला, त्याने हातात हात दिला, आणि अख्खा लॉट परत जायचं ठरलं. बेंच राहिला.

मी त्या दिवशी घरी ट्रेनमध्ये इतकी खूश होते की रोमफर्डला उतरून पुन्हा चढले. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो हसून हसून लाल झाला. "अक्षता खाल्ल्या त्यांनी!" तो म्हणाला. "आता लग्न लागलं त्यांचं त्या बंदुकीशी!" मीही हसले.

सोमवारपासून मिस्त्रींनी सही करणं बंद केलं.

बंदूक ते तपासायचे तशीच, तीन बारही काढायचे. मग कोरं तिकीट माझ्याकडे सरकवायचे. "तू कर." पहिल्या दिवशी वाटलं हात दुखत असेल. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, का? ते स्क्रू आवळत होते. आवळून झाल्यावर म्हणाले, "माझी आता चालत नाही, लव्ह."

एवढंच. आणि पुढची बंदूक उचलली.

मला झोप लागेना. मी त्यांना म्हटलं, पण ती बंदूक नसती अडकली तरी तो माल भंगारच होता! दहात दोन म्हणजे काय कमी झालं? भोसरीत दहात दोन निघाले असते तर आमच्या साहेबाने कारखाना डोक्यावर घेतला असता. ते म्हणाले, ठरले होते तीन. मी म्हटलं, दाणा माझा होता, चूक माझी. ते म्हणाले, खाल्ला मी. पुढे बोलणंच नाही. रविवारी खिडकीतून बघायला यायचंही त्यांनी सोडलं, असं नंतर कळलं.

दहा दिवस मी हे सहन केलं. मग एका दुपारी मालक जेवायला गेल्यावर दुकानातला फोन उचलला आणि आयातदाराच्या त्या माणसाला लावला. माझ्यामुळे त्यांची सही गेली होती, ती मी परत आणून देणार होते. इतकं साधं वाटत होतं. मी त्याला सगळं सांगितलं. खंडेनवमी म्हणजे काय तेसुद्धा सांगितलं, ते सांगताना माझी इंग्लिश जरा अडखळली.

"राइस," तो म्हणाला.

"राइस," मी म्हटलं.

"म्हणजे दोनच."

"पण दोन तर आहेत ना! काडतूस अडकलं, दोन एकदम बाहेर पडली, ते तुम्ही बघितलंत."

"हो. दोन म्हणजे पास," तो म्हणाला, आणि अगदी मनापासून माझे आभार मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक वर्कशॉपमध्ये आला तेव्हा त्याच्या हातात मोजायची टेप होती. तो बेंचची लांबी मोजत होता. परत जायचा लॉट दुकानातच ठेवायचं ठरलं, आणि मिस्त्रींना त्याने महिनाअखेरीची तारीख दिली. म्हणाला, चौतीस वर्षं झाली, आता आराम करा. मला काढलं नाही, रजिस्टर कोण लिहिणार?

मला वाटलं होतं मिस्त्री म्हणतील, बरं केलंस. निदान मान हलवतील. ते माझ्यासमोर येऊन उभे राहिले आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुमची सही..." मी म्हटलं.

"सही माझी होती. टाकून दिली होती मी. बेंच राहावा म्हणून टाकली होती. तू कोण परत आणणारी?"

मला खरं बोलून मोकळं व्हायचं होतं, आणि मी मोकळी झाले त्यांच्या जिवावर. महिनाअखेरपर्यंत ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांनी हत्यारं एका जुन्या रजईत गुंडाळली, टोपी घातली आणि मालकाला हात हलवून निघून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. मी शौचालयात जाऊन हमसून हमसून रडले आणि डोळे धुऊन नंबर लिहायला बसले.

बेंचच्या जागी टोप्या आल्या. मालक म्हणाला, तिकिटं मात्र चालू ठेवायची, गिऱ्हाइकांना आवडतात. मी म्हटलं, पण तपासणार कोण? तो म्हणाला, तू इन्स्पेक्टर ना, तू बघ. मला चालवता येत नव्हती, चालवायची परवानगी नव्हती. मी खोकं उघडून पुसायचे, वरून बघायचे, आणि तिकिटावर तारीख आणि नंबर लिहायचे. सहीची जागा मोकळी ठेवायचे. पहिले पंधरा दिवस कुणी पंप-अ‍ॅक्शन मागितलीच नाही, म्हणून मी निभावले.

मग एक शेतकरी आला. सत्तरीचा, कानाला ऐकायला यायचं यंत्र, सोबत चिखलाने भरलेला कुत्रा. त्याला नातीच्या नवऱ्यासाठी नाही, स्वतःसाठीच हवी होती, त्याने दोनदा सांगितलं. कागदपत्रं झाली. मी रजिस्टरमध्ये नंबर चढवला. त्याने बंदूक हातात घेतली, तिकीट उलटंपालटं केलं. मालक शेजारीच टोप्यांच्या किमती बदलत होता.

"म्हाताऱ्याने बघितलीय ना?" शेतकऱ्याने विचारलं.

मालकाने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

"हो," मी म्हटलं.

"मग झालं," शेतकरी म्हणाला. कुत्र्याला हाक मारली आणि गेला.

एका तांदळासाठी फोन उचलणारी ती मीच. मला स्वतःची इतकी शिसारी आली की दुपारचा डबा तसाच परत नेला. घरी पोचल्यावर कोट न काढताच मिस्त्रींना फोन लावला. नंबर माझ्या जुन्या वहीत होता, कधी लावला नव्हता. पलीकडे टीव्हीचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं, आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. ते फोन ठेवून देतील असं वाटत होतं.

त्यांनी टीव्ही बंद केला. "कोणाला दिलीस?"

मी सांगितलं.

"बरं," ते म्हणाले. फोन बंद.

दुसऱ्या दिवशी मी कामावर असताना, अकराच्या सुमाराला, दुकानातला फोन वाजला. मिस्त्री होते. ते त्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरातून बोलत होते, मागे तोच कुत्रा भुंकत होता. गाडी काढून सकाळीच गेले होते. शेतकऱ्याला त्यांनी सांगितलं होतं की एक गोष्ट बघायची राहून गेली.

"सेफ्टीचा खटका लावलेला असताना चाप ओढला तरी बार निघत होता," ते म्हणाले. "त्याने रात्री ती भरून दाराशी उभी करून ठेवली होती. सकाळी नातीची मुलं यायची होती." मग थोडं थांबून म्हणाले, "नीट केली."

मी रजिस्टर जवळ ओढलं.

"तुझ्याकडे त्या लॉटमधल्या अजून किती आहेत?" त्यांनी विचारलं.

"सतरा," मी म्हटलं.

"एकही देऊ नकोस," ते म्हणाले. "मी येतोय."

मी मालकाला हाक मारली आणि सांगितलं की बंदुकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे आणि मी ती देणार नाही. तो ओरडायला लागला. मी खुर्ची ओढून कपाटाच्या दारासमोर बसले.